फोटोतला हात

हातमोजे घालायला तुम्ही सांगितलंत.

दुसऱ्या कोणी नाही, तुम्हीच. वर बसलेले, तोंड नसलेले, नुसती सही असलेले तुम्ही. तुमचाच मेसेज जिल्ह्याच्या ग्रुपवर आला होता, की प्रात्यक्षिकाच्या फोटोत पोराचा चेहरा, हात, यंत्र आणि सुरक्षेचं साहित्य एकत्र दिसलं पाहिजे, नाहीतर फोटो रद्द. यंत्र चालतं का, हे नाही विचारलंत. शाळेत थ्री फेज वीज आहे का, नाही विचारलंत. शिकवणाऱ्या बाईनं ते यंत्र आयुष्यात एकदा तरी फिरताना पाहिलंय का, तेही नाही. तुम्हाला हात दिसायला हवा होता. आता या नशिराबादला. बघा, दिसतो का हात.

ज्योतीच्या पुढ्यात चहा उकळून उकळून काळा पडला होता आणि ती मनातल्या मनात हे सगळं कोणाला तरी सुनावत होती. कोणाला, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. सरकारी शाळेत व्यवसाय शिक्षण शिकवायला लागून तिला बरीच वर्षं झाली, पण हुकूम कुठून येतात ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. ते यायचे. जिल्हा शिक्षण कार्यालयातल्या योगराज आबांच्या मोबाइलवर यायचे, तिथून मुख्याध्यापकांच्या, तिथून तिच्या. ती शेवटची. तिच्यानंतर फक्त पोरं. आणि ती स्वतः तरी शाळेची कुठे होती? एका एजन्सीनं पाठवलेली बाई. दिवाळीनंतर एजन्सीचं कंत्राट संपलं, नवीन यायचं होतं, अजून आलं नव्हतं. ती रोज शाळेत जात होती, शिकवत होती, आणि कागदावर कुठेच नव्हती.

बाहेरच्या खोलीत चंदन खाटेवर बसला होता. तिचा धाकटा दीर, आणि तिचाच विद्यार्थी. बारावीला ‘मल्टी स्किल’ विषयात अ श्रेणी. मल्टी स्किल म्हणजे थोडं सुतारकाम, थोडं लोहारकाम, थोडी वीज, थोडी शेती. सगळ्यातलं थोडं आणि कशातलंच पुरतं नाही. निकाल लागल्यावर तो धुळ्याला मामाच्या वर्कशॉपमध्ये गेला. गेल्या आठवड्यात तिथल्या ड्रिल मशीननं त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं नेली.

आणि त्याच्या डोक्यावर, भिंतीला, तो फोटो होता.

फोटोत चंदन ड्रिल मशीनपुढे उभा. अंगात निळा कोट, डोळ्यांवर चष्मा, हातांत पांढरे सुती हातमोजे. डावा हात मशीनच्या दांड्यावर, उजव्या हातानं लोखंडाची पट्टी भोक पाडणाऱ्या बिटाखाली दाबून धरलेली. मागच्या फळ्यावर ज्योतीच्याच अक्षरात ‘आधी सुरक्षा’. जिल्ह्याचा पहिला नंबर आला तेव्हा हाच फोटो अहवालावर छापला, स्टेजमागच्या बॅनरवर लागला. योगराज आबांनी त्याला चौकट करून दिवाळीत घरी आणला आणि धाकट्या भावाच्या, म्हणजे चंदनच्या वडलांच्या, पितांबर नानांच्या, हातानंच खिळा ठोकून घेतला. तेव्हापासून येणारा-जाणारा आधी फोटो पाहायचा, मग पाणी प्यायचा.

आता लोक आधी चंदनच्या हाताला बांधलेलं ते पांढरं गाठोडं पाहत, मग वर फोटो पाहत, मग कुठे पाहावं ते त्यांना कळेनासं होई.

सुनंदाबाई आल्या त्याच मुळी डबा पुढे करत. योगराज-पितांबरांची थोरली बहीण, भादलीला दिलेली, आणि तोंडाची अशी की पाहुणे त्यांच्याशी बोलण्यापेक्षा त्यांचं ऐकत बसत.

“माय व! मले वाटलं पोरगं आडवं पडेल असन. हे तं नवरदेवासारखं बसेल हाये.” त्या खाटेच्या कडेला टेकल्या. “भरीत आनलं व लता. कयन्याची भाकर बी हाये. खाय रे चंदन, रगत गेलं तुह्यं.”

चंदननं सवयीनं उजवा खांदा हलवला. मग डावा हात पुढे केला. मग तोही मागे घेतला, कारण चार माणसांत डाव्या हातानं कसं खायचं? लताबाईंनी भाकरी मोडली, भरीत लावलं आणि घास त्याच्या तोंडाशी नेला. मिशा फुटलेलं पोर आईच्या हातून घास घेऊ लागलं तशी सगळ्यांनी माना वळवल्या. वळवून वळवून कुठे वळवणार? भिंतीकडे.

“फोटो पन लय नामी निघाला होता,” आत्या म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण चाचपू लागल्या.

पितांबर नाना दारात उभे होते. “भाऊ आला,” ते म्हणाले. मग चष्मा सारखा करत, “तोतारामबी हाये संगं.”

ज्योतीनं खिडकीतून पाहिलं. एकाच गाडीतून दोघं उतरत होते. तिचे चुलत सासरे योगराज आणि लताबाईंचे भाऊ तोताराम. ज्योतीच्या नणंदेच्या, भूमिकाच्या, लग्नात आहेराच्या टॉवेल-टोपीवरून ज्यांचं असं बिनसलं होतं, की योगराज बसले असतील त्या पंगतीत तोताराम जेवत नसत आणि तोताराम येणार म्हटलं की योगराजांना नेमकी मीटिंग निघत असे. तेच दोघं आज मेहरूणहून, आबांच्या घरून, एका गाडीत. मागच्या दारानं ईश्वर आत आला, तिचा नवरा, केळीच्या पिकअपची किल्ली हातात फिरवत. त्यानंही पाहिलं.

“दोघं एक झालेत,” ज्योती म्हणाली.

“होऊ दे ना. घरातलीच माणसं हायेत.”

“म्हणूनच म्हणते.”

तिनं चहा गाळायला घेतला. “अहो, आज कामगार ऑफिसचे साहेब आले की तुम्ही सांगाल ना? मशीन कोण न्यायचं ते?”

ईश्वर किल्ली फिरवायचा थांबला.

ते मशीन कुठल्याच शाळेचं नव्हतं आणि सगळ्या शाळांचं होतं. कागदावर प्रत्येक शाळेत एक, खरं एक. बाकीची आलीच नाहीत. पाहणीचं पथक एरंडोलच्या बाजूला चहा-नाश्त्याला थांबायचं तेवढ्यात ईश्वर मागच्या शाळेतून मशीन उचलून पुढच्या शाळेत पोचवायचा. वाळलेल्या केळीच्या पानांत गुंडाळून, वर रिकामी क्रेट टाकून. एकदा पानं ओली निघाली आणि मशीनच्या अंगावर केळीच्या चिकाचा काळा डाग पडला. तो रॉकेलनं गेला नाही की सोड्यानं. तोच डाग मिरवत मशीन शाळाशाळांतून साहेबांना सलाम ठोकत हिंडलं, आणि एकाही साहेबाला कधी वाटलं नाही की हा डाग आपण काल कुठेतरी पाहिलाय.

“मी केयी नेतो तसं ते नेलं,” ईश्वर म्हणाला. “आत काय हाये ते मी पाहात नाही.”

“तुम्ही बघत नाही? डाग पुसायला रात्रभर कोण बसलं होतं?”

“ज्योती, आबांनी लावलं मले त्या भाड्यावर. तुले शाळेत कोनी लावलं? नानांची विहीर कोनी मंजूर करून आनली? आता तोंड उघडून जाऊ कुठी मी?” तो इतक्या हळू बोलत होता, की चिडलाय की विनवतोय ते कळत नव्हतं. “तो माह्या भाऊ नाही का? मले दुखत नाही का?”

ट्रे उचलून ती बाहेर गेली. या घरात ज्याला त्याला दुखत होतं आणि जो तो आपापली जागा धरून बसला होता.

योगराज आबा खुर्चीवर, कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर मोबाइल पालथा. तोताराम मामा खाली सतरंजीवर, भिंतीला टेकून. धुळ्याला राहून मामांची बोली पार बदललेली, बहिणीशीही अहिराणीतच.

“अक्का, रडू नको व. जे व्हवानं ते व्हई गयं.”

“तुह्या घरी पाठवला होता मी त्याले,” लताबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. “परक्याच्या कारखान्यात नाही.”

योगराजांनी खाकरून घेतलं. “हे बघा, साहेब निघालेत. आपल्याला वेळ नाही. चंदन, बाळा, जबाब साधा आहे. मी शब्द नीट बसवून आणलेत. तू फक्त हो म्हणायचं.” त्यांनी खिशातला कागद उलगडला आणि सभेत वाचतात तसा वाचला. “मी प्रशिक्षित होतो. मला सुरक्षेचे सर्व नियम माहीत होते. सदर अपघात माझ्या हलगर्जीपणामुळे घडला. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.”

लताबाईंनी मोडलेली भाकरी डब्यात ठेवली.

“हलगर्जीपना म्हंजे काय व ज्योती?” लताबाईंनी विचारलं.

“म्हणजे त्यानं लक्ष दिलं नाही, आई. चूक त्याची.”

“माह्या पोराची?”

“लता, ती नुसती लिहायची पद्धत असते,” योगराज म्हणाले. “प्रशिक्षण झालं नव्हतं असं लिहिलं, तर न शिकलेल्या पोराला मशीनवर उभं केलं म्हणून तोताराम आत जाईल. तुझा सख्खा भाऊ. आणि मग ते विचारतील, शिकला नव्हता तर अ श्रेणी कशी? मग शाळा, मग ज्योती, मग मी. एका ओळीनं अख्खं घर रस्त्यावर येतं. त्यापेक्षा हे बरं.”

“आबा,” ज्योती म्हणाली, “त्यानं ते मशीन कधी चालू पाहिलंच नव्हतं. आपल्याकडे सिंगल फेज. मशीन थ्री फेजचं. परीक्षेला बंद मशीनपुढे पोरं उभी केली आणि मी मार्क दिले.”

“तुला वाटतं मला हे माहीत नाही?” आबांचा आवाज एकदम चिरका झाला. ऑफिसची भाषा गळून पडली. “किती वेया लिहिलं मी थ्री फेजसाठी! वरचे म्हनतात तुमचं तुम्ही पाहा. वीजवाले म्हनतात शाळेनं अर्ज करा. शाळा म्हनते आमच्याकडे तसा निधी नाही. आणि संध्याकाळी फोटो पाहिजे. फोटो गेला नाही तं नकाशावर जिल्हा लाल होतो. लाल झाला की मले उभा करून विचारतात, तुम्हाला काम जमत नाही का म्हणून. माह्यापेक्षा लहान पोरं विचारतात.” त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं आणि पुन्हा प्रमाण भाषा अंगावर चढवली. “आणि हे बाहेर पडलं तर काय होईल ते ऐक, ज्योती. यंत्रं येणार नाहीत. वीज येणार नाही. विषय बंद होईल. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांत पोरी या एका विषयाच्या मार्कांवर तरून जातात. बंद झाला की घरी. घरी बसलेल्या पोरीचं पुढे काय होतं ते तुला सांगायला नको. त्यांना काय तोंड दाखवशील?”

“त्यापण फोटोवरच पास होतात ना, आबा?”

योगराजांनी हातातल्या कागदाची घडी सरळ केली. ते थकले होते. ज्योतीला क्षणभर त्यांची कीव आली आणि त्या किवेचाच राग आला. हा माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

“भाऊ म्हनतो तसं करू,” पितांबर नाना दारातूनच म्हणाले. जन्मभर ते हेच म्हणत आले होते. “भावानंच लावलं ना सगळ्याले मार्गी.”

“मार्गी!” लताबाई म्हणाल्या. “पाहा ना. कसं लागलं माह्यं पोरगं मार्गी.”

“मामा,” चंदन म्हणाला.

सकाळपासून त्याचा हा पहिला शब्द.

“मामा, मी खरंच काही चुकीचं नाही केलं. तुम्ही विचारलं, येतं का, मी म्हटलं, येतं. हातमोजे घातले. चष्मा घातला. पट्टी धरली. अगदी फोटोत धरलीय ना, तशीच धरली. किती वेळा केलंय मी ते. प्रत्येक पाहणीला मलाच उभं करायचे, माझा हात सरळ येतो म्हणून.” तो ज्योतीकडे वळला. “हो ना वहिनी? मग हलगर्जीपणा कुठे झाला? मी रोज आठवून पाहतो. मला सापडतच नाही.”

तोताराम उठले. फोटोच्या अगदी जवळ गेले, इतके, की काचेवर त्यांचा श्वास दिसला. आहेराच्या रागापायी दिवाळीत ते आले नव्हते. हा फोटो त्यांनी धडपणे आजच पाहिला. पण माणूस लोखंडात वाढलेला. बोट काचेवर फिरू लागलं.

“दांडा डावा हातमा?”

त्यांचं बोट दांड्यावर थांबलं.

“दांडा जेवना हातवर ऱ्हास. त्यानी डावा हातमा कसाले धरा?”

“फोटो काढणाऱ्यानं सांगितलं,” चंदन म्हणाला. “तसं धरलं तर उजव्या हातावर सावली पडत होती. मोजा दिसत नव्हता. म्हणून हात बदलले.”

“आनि पट्टी हाते धरी? वाइस कोठे शे?” मग खोलीतल्या चेहऱ्यांकडे पाहून मामांनी समजावलं, जणू आता त्यानं काही फरक पडणार होता. लोखंडाचा तुकडा मशीनवर कधी हातानं धरत नाहीत. तो वाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, आवळायचा असतो. बिट फिरताना तुकड्याला ओढतं, तुकडा हाताला. “आनि मोजा! मोजा घालीसन ड्रिलवर कोनी उभं ऱ्हास का? सूत गुंडाळास बिटले. हात ओढी लेस. उघडा हात ऱ्हाता तर खरचटतं, सुटतं. हाई बठ्ठं उलटं शे. बठ्ठं.”

सगळं उलटं. हातमोजे ज्योतीनंच घातले होते पोरांना. एकेकाची बोटं नीट बसवून. मागे फळ्यावर तिनंच लिहिलं होतं. तिचा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा. सोल्डरिंगची सळई सोडली तर तिनं हातात काय धरलं होतं? मेसेजमध्ये सुरक्षा साहित्य म्हटलं होतं. किटमध्ये हातमोजे होते. तिनं घातले. हा जिल्हा राज्यात पहिला आला तो या हातमोज्यांवर. आणि तो फोटो नमुना म्हणून सगळीकडे पाठवलेला. असा काढा, म्हणून. किती शाळांत या घडीला पोरं अशीच उभी असतील, हात बदलून, उजेडाकडे तोंड करून?

“मामा, मग तुम्हाला कळलं ना आता,” ती म्हणाली. “तुम्हीच सांगा साहेबांना. तुमच्याइतकं कोण सांगू शकेल?”

तोताराम फोटोपासून मागे सरले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ज्योतीला वाटलं, आता हा माणूस फिरला. आणि तो फिरलाही, पण भलतीकडे.

“माले देखाले पाहिजे व्हतं,” ते स्वतःशीच म्हणाले. “मोजा घालीसन उभा व्हता आनि मी समोर चहा पी राह्यनू. साहेब इचारी, मालक कोठे व्हता? मालकले समजत नही का, मोजा घालतस का? मी काय सांगू?” मग योगराजांकडे, जोरात: “भाऊ, जबाब तर हाऊच देना पडी. दुसरा चालावू नही.”

लताबाईंनी भावाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्यांच्यापुढचा चहाचा कप त्यांनी उचलला आणि आत घेऊन गेल्या.

“योगराज,” आता सुनंदाबाई उसळल्या. “तूच आनला होता ना हा फोटो? तूच खिया ठोकाले लावला ना? मंग लेकराच्या डोक्यावर कसाले घालतो? सांग त्या सायबाले, माह्या आंगावर घे म्हना!”

“अक्का,” योगराज शांतपणे म्हणाले, “तुझ्या रत्नाच्या नेमणुकीचं अजून व्हायचंय. माझ्याच हातून जायचंय ते.”

सुनंदाबाईंचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी भरिताच्या डब्याचं झाकण घेतलं, नीट बसवलं, दाबलं, आणि डबा पिशवीत घातला.

बाहेर मोटारसायकल थांबली.

त्या आवाजासरशी पितांबर नाना हलले. इतका वेळ दारात खांबासारखा उभा असलेला तो माणूस खाटेवर चढला, पोराच्या खांद्यावरून हात घालून फोटो खिळ्यावरून काढला आणि आतल्या खोलीत धान्याच्या कोठीमागे सरकवून आला. त्यानं कोणाकडे पाहिलं नाही. भिंतीवर फोटोएवढा एक ताजा, उजळ चौकोन उरला. सगळ्या खोलीत तेवढाच स्वच्छ.

“नाना,” चंदन म्हणाला.

“गप राह्य बेटा,” नाना म्हणाले. “गप राह्य.”

साहेब भला माणूस होता. धुळीनं माखलेला, पाठीला बॅग, दोन जिल्ह्यांचं काम एकट्यावर पडलेलं. पाणी प्याला, चंदनच्या हाताकडे पाहून “अरेरे” म्हणाला, ते मनापासून. मग छापील कागद काढला.

“प्रशिक्षण झालं होतं?”

“अ श्रेणी,” योगराज म्हणाले. “शासनमान्य.”

“नव्हतं झालं,” ज्योती म्हणाली.

साहेबाचं पेन थांबलं. ईश्वर आतल्या दारात आला होता; तो भिंतीकडे पाहू लागला.

“तुम्ही कोण?”

“त्याची शिक्षिका. प्रात्यक्षिकाचे मार्क मी दिलेत. मशीन कधी चालू केलं नव्हतं. हातमोजे घालायला मी लावले, मला वरून सांगितलं होतं. याची काही चूक नाही. हे लिहून घ्या.”

“बाई, तुम्ही शाळेच्या कर्मचारी?”

“एजन्सीच्या.”

“एजन्सीचं पत्र?”

“कंत्राट संपलंय. नवीन यायचंय.”

“म्हणजे आज तुम्ही कोणाच्याच नाही.” तो टोमणा नव्हता; तो खरोखरच जागा शोधत होता. कागद उलटा केला, सुलटा केला. “आणि नातं?”

“वहिनी आहे ती त्याची,” योगराज म्हणाले. “घरातलीच. भावनेच्या भरात बोलतेय.”

“मग तर तुमचं म्हणणं मला नातेवाईक म्हणून घ्यावं लागेल, आणि नातेवाईक घटनास्थळी नव्हते.” साहेब ओशाळला. “खरं सांगतो, या कागदात मालक आहे, कामगार आहे, साक्षीदार आहे. शिकवणाऱ्याचा रकानाच नाही. प्रमाणपत्र आहे का, एवढंच विचारतात. ते आहे. मी काय करू?”

ज्योती उभीच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं सगळ्यांदेखत तोंड उघडलं होतं, नवरा, नोकरी, घर पणाला लावून, आणि तिचं बोलणं ठेवायला त्या कागदावर जागा नव्हती. ओरडून उपयोग नव्हता. कोणावर ओरडणार? या धुळकट माणसावर?

साहेबानं योगराजांचा मजकूर उतरवून घेतला. चार ओळींचं काम. मग पॅड चंदनपुढे धरलं.

“सही कर, बेटा.”

चंदननं डाव्या हातात पेन घेतलं. ‘च’ काढायला गेला; रेघ घसरली. पुन्हा गेला, पेन गादीवर पडलं.

“असू दे, असू दे,” साहेब म्हणाला आणि बॅगेतून शाईची डबी काढली. “डावा अंगठा चालतो.”

लताबाई आतून बाहेर आल्या होत्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. बँकेत, रेशन दुकानात, शाळेत या पोराचं नाव घालायला गेल्या तेव्हा, सगळीकडे त्यांनी अंगठाच दिला होता. पोरानं अंगठा देऊ नये म्हणून तर शाळेत घातलं होतं. शाईच्या डबीकडे पाहून त्या मागे वळल्या. कोठी सरकल्याचा आवाज आला. पितांबर नाना “लता, लता” करेपर्यंत त्या फोटो घेऊन आल्या आणि पदरानं काच पुसून तो थेट साहेबाच्या मांडीवर, छापील कागदावर ठेवला.

“हे पाहा,” एवढंच त्या म्हणाल्या.

साहेबानं पाहिलं. निळा कोट, चष्मा, हातमोजे, आधी सुरक्षा. मशीनच्या अंगावर चिकाचा काळा डाग. खाली कोपऱ्यात जिल्ह्याचं नाव आणि पहिला क्रमांक.

“हा तू?”

“हो,” चंदन म्हणाला. त्याचा डावा अंगठा शाईत बुडून वर आला होता, काळा, कागदावर टेकायच्या बेतात. पण कागद फोटोखाली होता. “साहेब, तुम्ही शिकलेले. आबा शिकलेले. याच्यात माझं काय चुकलंय ते मला दाखवा. बोट ठेवून दाखवा. इथे नंबर दिला होता, तिथे हात गेला. दोन्हीकडे मी एकच केलंय. मग एक बरोबर आणि एक हलगर्जीपणा कसा? मला शिकवलं त्यात चूक असेल तर शिकवायला सांगणाऱ्याचं नाव लिहा. माझ्यात असेल तर ती कोणती, ते लिहा. मग देतो अंगठा.”

योगराज आबांच्या मांडीवरचा मोबाइल थरथरला. त्यांनी तो उलटा केला, पाहिला, पुन्हा पालथा ठेवला. आज कोणाच्या तरी शाळेचे फोटो राहिले असणार. तोताराम मामा सतरंजीचा दोरा ओढत होते. ईश्वरच्या हातातली किल्ली आता अजिबात वाजत नव्हती.

साहेबानं टोपी काढून डोकं खाजवलं. “हे मला कसं सांगता येईल?” तो हळूच म्हणाला. “हे वर विचारावं लागेल.”

“मग विचारा,” चंदन म्हणाला. शाईनं भरलेला अंगठा त्यानं तसाच वर धरून ठेवला होता. “आत्ता विचारा. लावा फोन. मी इथेच बसलोय.”